दगडी चक्रांची कुळकथा

नेपाळात मुक्तिनाथाच्या परिसरातून वाहत येणाऱ्या काळी गंडकीच्या पात्रात काळे, गुळगुळीत गोटे सापडतात. त्यांतील काही फुटलेले असतात, काहींना मूळचेच मुख असते, आणि आत डोकावले असता एकात एक गुंतलेले चक्राकार वेढे दिसतात. हेच शाळिग्राम. काशी-प्रयागाच्या यात्रेकरूंबरोबर ते दक्षिणेत आले आणि महाराष्ट्रातील, तसेच महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या असंख्य मराठी घरांतील देव्हाऱ्यांत विराजमान झाले. ही चक्रे आपल्या पूर्वजांनी केवळ पाहिली नाहीत. ती मोजली, एकमेकांशी ताडून पाहिली आणि त्यांना नावे दिली. अग्निपुराणात शाळिग्रामाच्या लक्षणांचा स्वतंत्र अध्याय आहे. एका चक्राचा तो सुदर्शन, दोन चक्रांचा तो लक्ष्मीनारायण, अशी ती परंपरा पुढे जाते. वज्रकीट नावाचा किडा हा पाषाण आतून कोरतो, अशीही एक समजूत आहे. या आकृतीमागे कोणी तरी सजीव असला पाहिजे, ही गोष्ट जुन्यांच्या नजरेतून सुटली नव्हती, एवढे तीवरून दिसते.

तो सजीव म्हणजे अ‍ॅमोनाइट. हिमालय उभा राहण्यापूर्वी त्याच्या जागी टेथिस नावाचा समुद्र होता. त्या समुद्राच्या तळावरील चिखलात, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, या प्राण्यांचे शंख गाडले गेले. चिखलाचा खडक झाला, खडकाचा पर्वत झाला, आणि पर्वत कापीत उतरणाऱ्या नदीने ते शंख पुन्हा उजेडात आणले. शाळिग्रामाची लक्षणे सांगणाऱ्यांचे प्रयोजन उपासनेचे होते. भूविज्ञानाचे प्रयोजन निराळे आहे. म्हणून एकाच्या मापाने दुसऱ्यास मोजण्याचे कारण नाही. भूविज्ञान अशा शंखाला दोन प्रश्न विचारते: तू कोणाच्या कुळातला, आणि तू केव्हाचा? या दोन प्रश्नांची उत्तरे शंखाच्या कोणत्या खुणेवरून द्यावयाची, याचा शोध गेली दोनशे वर्षे चालू आहे. ज्या ज्या एका खुणेवर विद्वानांनी सर्वस्वी विसंबून पाहिले, त्या त्या खुणेने त्यांना कधी ना कधी फसविले, असा या शोधाचा इतिहास आहे. आणि त्यातील महत्त्वाची काही प्रकरणे भारताच्या भूमीवर घडलेली आहेत.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी शंखाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. अ‍ॅमोनाइट हा आजच्या माकुल आणि ऑक्टोपस यांच्या दूरच्या नात्यातील समुद्रचर होता. त्याच्या विस्तृत गोताला अ‍ॅमोनॉइड असे म्हणतात. हे गोत सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वी उदयास आले आणि 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी नामशेष झाले. प्राणी राहत असे तो शंखाच्या अगदी शेवटच्या, तोंडाजवळच्या दालनात. वाढ होऊ लागली, की तो पुढे सरकून शंख लांबवी आणि आपल्या पाठीमागे एक पडदा घालून जुनी जागा बंद करी. अशा रीतीने मागे बंद खोल्यांची एक रांग तयार होई. या सर्व खोल्यांतून एक बारीक नळी जात असे. तिच्या वाटे खोल्यांतील पाणी काढून घेतले जाई, आणि हलका झालेला शंख पाण्यात तरंगता राही. हिंदी व पॅसिफिक महासागरांत आजही जगणाऱ्या नॉटिलसाच्या शंखाची व्यवस्था अशीच आहे. मात्र नॉटिलसाची नळी पडद्यांच्या मध्यभागाजवळून जाते, तर बहुतेक सर्व अ‍ॅमोनॉइडांची नळी वेढ्याच्या बाहेरच्या कडेला चिकटून जाते. दगडी शंख हाती आला, की ही नळी कोठे आहे हे पाहणे, ही ओळख पटविण्याची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी बाह्य रूपाची. काही शंखांत नवा वेढा जुन्या वेढ्याला जवळजवळ संपूर्ण झाकून टाकतो आणि मध्यभागी नाभीसारखा लहानसा खळगा उरतो. काहींत सगळे वेढे दोराच्या गुंडाळीप्रमाणे उघडे दिसतात. वेढा आडवा कापला असता कोठे गोल, कोठे चपटा, कोठे भाल्याच्या पात्यासारखा दिसतो. पृष्ठभागावर कंगोरे असतात: काही सरळ, काही मध्येच दुभंगलेले, काही कोयत्यासारखे वळलेले. कंगोऱ्यांवर कधी गाठी असतात, कधी काटे. बाहेरच्या कडेला कधी नावेच्या तळाप्रमाणे उभी धार असते, तर कधी खोबण.

तिसरी खूण मात्र आतली आहे. प्रत्येक पडद्याची कड शंखाच्या भिंतीला जेथे जोडलेली असते, तेथे एक रेषा उमटते. तिला शिवण म्हणता येईल. शंखाचे बाहेरचे कवच शाबूत असेल तर ती दिसत नाही. कवच निघून जाऊन आत भरलेल्या गाळाचा साचा उरला, की त्याच्यावर ती वेलबुट्टीसारखी प्रकट होते. या रेषेतील तोंडाच्या दिशेने फुगलेल्या भागाला खोगीर आणि मागे गेलेल्या भागाला पाळी म्हणावे. नॉटिलसाची शिवण साधी, मंद लाटेसारखी असते. अ‍ॅमोनाइटाची शिवण नेचाच्या पानाच्या कडेसारखी कातरलेली असते. शेवटच्या राहत्या दालनात पडदेच नसल्यामुळे तेथे शिवण नसते. म्हणून केवळ राहत्या दालनाचा तुकडा हाती आला, तर ही तिसरी खूण अभ्यासकाला उपलब्धच होत नाही.

या खुणांकडे पाहण्याची दृष्टी एकाएकी आली नाही. रोमन ग्रंथकार प्लिनी याने अशा दगडांना ‘अ‍ॅमनचे शिंग’ म्हटले. मेंढ्याची वळलेली शिंगे धारण करणारा अ‍ॅमन हा मिसर देशातील देव. त्याच्यावरूनच पुढे अ‍ॅमोनाइट हे नाव रूढ झाले. इंग्लंडच्या व्हिटबी गावातील लोक त्यांना दगड झालेले साप समजत. संत हिल्डा या साध्वीने परिसरातील सर्पांचे पाषाण केले, अशी तेथील कथा. सापांना डोकी का नाहीत, असा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारू नये, म्हणून तेथील कारागीर शंखांवर डोकी कोरून ते विकीत. विज्ञानानेही त्या कथेचा मान राखला आहे: व्हिटबीला सापडणाऱ्या एका प्रजातीचे नाव ‘हिल्डोसेरास’ असे आहे.

हे दगड म्हणजे एकेकाळच्या सजीवांचे अवशेष होत, असे सतराव्या शतकात रॉबर्ट हूक याने निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच्या मृत्यूनंतर 1705 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, नाण्यांवरून जसा राज्यांचा कालक्रम लावतात तसा या शंखांवरून पृथ्वीचा कालक्रम लावता येईल, असा विचार आढळतो. तो विचार प्रत्यक्षात उतरण्यास शंभर वर्षे लागली. विल्यम स्मिथ हा इंग्रज मोजणीदार कालव्यांच्या खोदकामावर देखरेख करीत असता, प्रत्येक थरात ठरावीकच जीवाश्म सापडतात आणि त्यांचा क्रम कोठेही बदलत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने 1815 मध्ये प्रसिद्ध केलेला भूवैज्ञानिक नकाशा याच अनुभवावर उभा आहे. त्या दिवसापासून अ‍ॅमोनाइट हा संग्रहातील शोभेचा दगड राहिला नाही. तो थराची तारीख सांगणारा साक्षीदार झाला. आणि साक्षीदाराची ओळख चुकली तर साक्षही चुकणार, हे ओघानेच आले.

परंतु ओळख पटवावयाची कशी? ब्रुगिएर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1789 मध्ये या सर्व शंखांसाठी ‘अ‍ॅमोनाइटिस’ ही एकच प्रजाती कल्पिली होती. तिच्यात शेकडो जाती कोंबल्या गेल्या. ही कोंडी शिवणीने फोडली. हॉलंडमधील द हान याने 1825 मध्ये गोनिएटाइट आणि सेराटाइट यांना अ‍ॅमोनाइटांपासून वेगळे काढले. त्यानंतर लिओपोल्ड फॉन बुख या जर्मन भूवैज्ञानिकाने शिवणीच्या पाळ्या आणि खोगिरे यांना नावे देऊन त्यांचा पद्धतशीर अभ्यास प्रचारात आणला. गोनिएटाइटाची शिवण नागमोडी पण गुळगुळीत. सेराटाइटाची खोगिरे गुळगुळीत, परंतु पाळ्यांना करवतीचे दाते. आणि अ‍ॅमोनाइटाची शिवण दोन्हीकडून कातरलेली. ही विभागणी इतकी सुटसुटीत होती, की विद्यार्थ्यांना आजही ती प्रथम शिकवितात. शिवाय ती कालक्रमाशीही जुळताना दिसली. गोनिएटाइट जुन्या खडकांत, सेराटाइट मधल्या ट्रायासिक काळात, आणि खरे अ‍ॅमोनाइट त्यानंतरच्या जुरासिक व क्रिटेशस काळांत. साध्यापासून गुंतागुंतीकडे जाणारा तीन पायऱ्यांचा हा जिना पाहून निसर्गाचा नियमच हाती आला, असे अनेकांना वाटले.

या जिन्याला पहिला मोठा धक्का बसला तो पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेत. हा प्रदेश आज पाकिस्तानात आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात 1870 मध्ये दाखल झालेला विल्हेल्म वागेन हा तरुण जर्मन तेथे काम करीत होता. एकाच थरात त्याला गोनिएटाइट, सेराटाइट आणि अ‍ॅमोनाइट अशा तिन्ही प्रकारच्या शिवणी असलेले शंख सापडले. आणि तेही अ‍ॅमोनाइट तेव्हा अपेक्षितच नव्हते इतक्या जुन्या खडकात! त्याने 1872 मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध केली. ते खडक पुढे पर्मियन काळातील, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहूनही जुने ठरले. याचा अर्थ उघड होता. गुंतागुंतीची शिवण ही एका विशिष्ट काळाची मक्तेदारी नव्हती. निरनिराळ्या कुळांत ती स्वतंत्रपणे उत्पन्न झालेली होती. उलट प्रकारही पुढे उघडकीस आला. क्रिटेशस काळातील काही अ‍ॅमोनाइटांची शिवण पुन्हा साधी होऊन सेराटाइटांसारखी दिसू लागली होती. शिवण जेवढी दिसते तेवढ्यावरच जो विसंबेल, तो अशा शंखाला दहा-बारा कोटी वर्षे मागे नेऊन बसवील.

याच वागेनचे नाव कच्छशीही निगडित आहे. कच्छच्या अ‍ॅमोनाइटांची पाश्चात्त्य जगाला ओळख करून दिली ती मुंबई इलाख्यातील कॅप्टन ग्रँट या लष्करी अभियंत्याने. त्याचा कच्छविषयक प्रबंध 1840 मध्ये लंडनला छापला गेला आणि सोबतच्या शंखांचे वर्णन सॉवर्बी याने केले. पुढे फर्डिनांड स्टोलिच्का या मोराव्हियातून आलेल्या विद्वानाने 1871-72 च्या सुमारास कच्छचे थर पायी हिंडून तपासले. दक्षिण भारतातील क्रिटेशस अ‍ॅमोनाइटांवरील त्याचा ग्रंथ तेव्हा आधीच प्रमाणभूत मानला जात होता. यारकंदच्या मोहिमेवरून परतताना 1874 मध्ये लडाखच्या उजाड पठारावर त्याचे निधन झाले. त्या वेळी त्याचे वय अवघे 36 वर्षांचे होते. त्याने थर पाहून, शंख गोळा करून ठेवले होते. त्यांच्या आधारे वागेनने 1873 ते 1875 या काळात कच्छच्या शंखांवरील ग्रंथ पुरा केला आणि तेथील खडकांचे पच्छम, चारी, कटरोल व उमिया असे चार गट पाडले. कच्छमधील स्थळांची ही नावे पुढे भूविज्ञानाच्या ग्रंथांत जगभर गेली.

वागेनने या कामाला एक शिस्त बरोबर आणली होती. आल्बर्ट ओपेल या जर्मन पंडिताने 1856 ते 1858 या काळात जुरासिक खडकांचे अ‍ॅमोनाइटांवरून लहान लहान कालपट्ट्यांत विभाजन करून दाखविले होते. आज जुरासिकाचे असे सत्तरांहून अधिक पट्टे मानले जातात, आणि त्यांतील एकेकाची लांबी सरासरीने दहा लाख वर्षांहून कमी भरते. म्यूनिकच्या याच परंपरेत वागेन तयार झाला होता. भारतात येण्यापूर्वी, 1869 मध्ये, त्याने एकावर एक असलेल्या थरांतून एकाच जातीच्या अ‍ॅमोनाइटांचा मागोवा घेतला आणि त्यांच्यात क्रमाक्रमाने पडणारा सूक्ष्म फरक नोंदविला. कालाच्या ओघात पडणाऱ्या या फरकाला त्याने ‘म्यूटेशन’ हे नाव दिले. एकाच थरात शेजारी शेजारी सापडणारे भेद वेगळे, आणि वरखाली थरांत सापडणारे भेद वेगळे, हा त्याचा आग्रह होता. आज म्यूटेशन हा शब्द आनुवंशिकतेच्या शास्त्रात निराळ्या अर्थाने वापरतात. परंतु त्याचा जन्म एका दगडी शंखाच्या निरीक्षणातून झाला, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

हा आग्रह पुढे सर्वांनीच पाळला असे नाही. कंगोऱ्यांच्या संख्येत थोडा फरक दिसला, वेढा जरासा जाड वाटला, की नवे नाव देण्याची प्रथा पडली. इंग्लंडमध्ये बकमन याने 1909 ते 1930 या काळात प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथमालेत नव्या नावांचा अक्षरशः पाऊस पाडला. कच्छच्या शंखांचा 1927 ते 1933 या काळात पुन्हा आढावा घेणारा स्पाथ हा असाधारण जाणकार होता. त्याचे ग्रंथ दूर सारून कच्छचा अभ्यास आजही करता येत नाही. ‘कटरोलिसेरास’, ‘धोसाइटिस’ अशा नावांतून कच्छचे डोंगर आणि गावे त्याने विज्ञानात अमर केली. तथापि लंडनला पोहोचलेल्या संग्रहांवर त्याचा भर होता, आणि त्याने मानलेल्या शेकडो जातींपैकी पुष्कळशा पुढील संशोधकांना एकमेकींत मिसळाव्या लागल्या. एका जातीच्या घोळक्यात जाड, बारीक, दाट कंगोऱ्यांचे आणि विरळ कंगोऱ्यांचे असे सर्व प्रकारचे शंख असू शकतात, ही गोष्ट एकेकटा नमुना पाहून कळत नाही. ती एकाच थरातील पन्नास-शंभर नमुने शेजारी शेजारी मांडल्यावरच कळते.

या सर्वांत मोठा चकवा मात्र अधिक साधा होता. अनेक थरांत दोन प्रकारचे शंख नेहमी जोडीने सापडत. एक मोठा, शेवटच्या वेढ्यावर कंगोरे पुसट होत गेलेला, साध्या तोंडाचा. दुसरा त्याच्या निम्म्याहूनही लहान, शेवटपर्यंत कंगोरे टिकविणारा, आणि कित्येकदा तोंडाशी दोन बाजूंस जिभेसारखे पट्टे असलेला. विद्वानांनी त्यांना दोन जाती, दोन प्रजाती, क्वचित दोन कुळेसुद्धा मानले. लहान शंख हे मोठ्यांची पिले असतील, अशी शंका येणे साहजिक होते. परंतु ती टिकत नव्हती. कारण वाढ पुरी होत आली, की अ‍ॅमोनाइटाचे शेवटचे काही पडदे एकमेकांच्या अगदी जवळ पडतात, त्यामुळे शेवटच्या शिवणी दाटीवाटीने उमटतात. लहान शंखांवर ही दाटी स्पष्ट दिसत होती. म्हणजे ते वयात आलेले होते. मग त्यांचे वेढे आत आत उलगडून पाहिले, तेव्हा मोठ्यांच्या बालपणीच्या वेढ्यांशी ते तंतोतंत जुळले. बालपण एक, थर एक, प्रदेश एक. केवळ प्रौढपण दोन प्रकारचे. पोलंडमधील माकोव्स्की याने 1962 मध्ये आणि इंग्लंडमधील कॅलोमन याने 1963 मध्ये, एकमेकांवर अवलंबून न राहता, याचा उलगडा केला. हे दोन प्रकार म्हणजे एकाच जातीतील नर आणि मादी होत. बहुधा मोठा शंख मादीचा असावा, असे मानले जाते. कच्छमध्ये विपुल सापडणारा मोठा ‘मॅक्रोसेफॅलाइटिस’ आणि ‘काम्प्टोकेफॅलाइटिस’ या वेगळ्या नावाने वावरणारा लहान शंख हे अशाच एका जोडप्याचे दोन घटक ठरले. ज्यांना पंडितांनी दोन निराळ्या घरांत ठेवले होते, ती एकाच घरची माणसे निघाली.

बाह्य रूप दुसऱ्याही रीतीने फसविते. क्रिटेशस काळातील काही अ‍ॅमोनाइटांचे वेढे सुटलेले असतात. ‘बॅक्युलाइटिस’ काठीसारखा सरळ असतो, ‘ट्युरिलाइटिस’ मळसूत्रासारखा वर चढत जातो, आणि आणखी काही आकड्यासारखे वाकतात. तमिळनाडूतील अरियलूरच्या खडकांतही असे शंख मिळतात. वंशाचा अंत जवळ आल्यामुळे आलेली ही विकृती होय, असे एकेकाळी समजत असत. वीडमन या जर्मन संशोधकाने 1960 च्या दशकात त्यांच्या शिवणींचा, विशेषतः अगदी बालपणीच्या शिवणींचा, अभ्यास केला. तेव्हा ही कोट्यवधी वर्षे भरभराटीने नांदलेली स्वतंत्र शाखा असल्याचे दिसले. एवढेच नव्हे, तर त्या शाखेतील काहींनी आपले वेढे पुन्हा नीट गुंडाळून घेतले होते. दिसावयास साधा अ‍ॅमोनाइट, परंतु मूळ सुटलेल्या वेढ्यांच्या घराण्यातले! येथे रूपाने फसविले आणि बालपणीच्या शिवणीने खरे सांगितले.

मात्र बालपणालाही आंधळेपणाने प्रमाण मानून चालत नाही. अमेरिकेतील हायट याने शंखाचे वेढे उकलून त्याचे बालपण पाहण्याची पद्धत रूढ केली, आणि प्राणी आपल्या वाढीत पूर्वजांचीच रूपे पुन्हा धारण करतो, असे मानून वंशावळी रचल्या. रशियातील पाव्लोव याने 1901 मध्ये याच्या उलट उदाहरणे दाखविली. काही वंशांत नवे लक्षण प्रथम बालपणीच्या वेढ्यांवर दिसते आणि पुढील पिढ्यांत ते प्रौढ वेढ्यांपर्यंत पसरते. तेथे शंखाचे बालपण भूतकाळ सांगत नसून भविष्यकाळ सांगत असते.

मग विश्वास कशावर ठेवावयाचा? कोणत्याही एका खुणेवर नव्हे, तर सर्वांच्या एकवाक्यतेवर, हे या दीर्घ अनुभवाचे उत्तर आहे. नळीची जागा, वेढ्यांची गुंफण, कंगोरे, तोंडाची ठेवण, शिवण, बालपण, सोबतचे इतर शंख आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थर, या साऱ्यांची साक्ष एकमेकींशी पडताळून पाहिल्यावरच नाव द्यावयाचे. आणि नवी साक्ष पुढे आली, तर ते मागेही घ्यावयाचे. आर्केल आणि त्याचे सहकारी यांनी 1957 मध्ये सर्व अ‍ॅमोनॉइडांचा जो कोशवजा ग्रंथ सिद्ध केला, त्यातील कित्येक नावे अशीच पुढे बदलली. यात त्या ग्रंथाचा कमीपणा नाही. अशा ग्रंथाचे काम तेच असते.

नावाच्या या खटाटोपात एवढे मोलाचे काय आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इंदूरच्या पश्चिमेस, धार जिल्ह्यातील बाघ गावाच्या परिसरात मिळते. बाघ गाव बौद्ध लेण्यांतील चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु भूवैज्ञानिकांना ते तेथील चुनखडकासाठी परिचित आहे. क्रिटेशस काळात समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यातून मध्य भारतात शिरला होता, त्याचा हा पुरावा. व्रेडेनबर्ग याने 1907 मध्ये तेथील एका चपट्या, धारदार कडेच्या अ‍ॅमोनाइटाचे ‘प्लासेंटिसेरास मिंटोई’ या नव्या नावाने वर्णन केले. पुढे अधिक नमुने, त्यांतील लिंगभेद आणि शंखांतील स्वाभाविक फरक लक्षात घेतल्यावर असे मत पुढे आले, की हा शंख म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील झुलूलँडच्या खडकांतून 1904 मध्येच वर्णिलेला ‘प्लासेंटिसेरास काफ्रारियम’ होय. नाव बदलताच नकाशा बदलला. जोपर्यंत बाघचा शंख स्वतंत्र जातीचा होता, तोपर्यंत तो केवळ बाघचा होता. आफ्रिकेच्या शंखाशी त्याचे नाते पटले, तेव्हा दोन किनाऱ्यांमधील समुद्रमार्गाचा तो साक्षीदार झाला. कोलकात्याच्या संशोधकांनी 2002 मध्ये याच जातीला मोजपट्टी मानून, क्रिटेशस काळात भारताचा भूखंड आफ्रिकेकडून सरकत किती दूर आला होता, या प्रश्नाचा विचार केला. शंखाच्या नावात केवढा इतिहास दडलेला असतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

बाघच्या या सागरी थरांच्या वर दख्खनच्या लाव्ह्याचा काळा कातळ पसरलेला आहे. ज्याच्यात अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली आणि सह्याद्रीचे गड ज्याच्यावर उभे आहेत, तो हाच कातळ. तो अग्निरसातून झालेला असल्यामुळे त्याच्यात अ‍ॅमोनाइट शोधण्यात अर्थ नाही. तथापि कालदृष्ट्या त्याचा आणि अ‍ॅमोनाइटांचा निकटचा संबंध आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, दख्खनवर लाव्ह्याचे थर साचत होते त्याच सुमारास, मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ एक प्रचंड अशनी आदळला, आणि डायनोसोरांबरोबर अ‍ॅमोनॉइडांचे गोतही संपले. पर्मियनच्या शेवटी आणि ट्रायासिकच्या शेवटी आलेल्या महासंहारांतून हे गोत मूठभर वंशजांच्या बळावर सावरले होते. या वेळी मात्र नॉटिलसाचा वंश तगला आणि अ‍ॅमोनाइटांचा बुडाला.

आज जे उरले आहे, ते केवळ खडकांत आहे. आणि खडकांतील शंखाची अर्धी भाषा त्याच्या थरात असते. कच्छच्या टेकड्यांवरून, बाघच्या नाल्यांतून किंवा हिमालयातील स्पितीच्या घाटांतून उचलून आणलेला, परंतु कोठून व कोणत्या थरातून आणला याची नोंद नसलेला शंख कितीही देखणा असला, तरी वागेनच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही. त्याचे कंगोरे मोजता येतील, शिवण रेखाटता येईल, परंतु त्याच्या आधी कोण आणि त्याच्यानंतर कोण, हे त्याला सांगता येणार नाही. स्टोलिच्का लडाखात मरण पावला, तरी कच्छचे त्याचे शंख मुके झाले नाहीत, याचे कारण त्याने प्रत्येकाचा थर पाहून ठेवला होता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठापासून जर्मनीपर्यंतचे संशोधक पुढील काळात त्याच कच्छच्या टेकड्यांवर पुनःपुन्हा गेले, तेही याचसाठी. संग्रहालयातील नमुन्याजवळ ठेवलेला गावाचे, नाल्याचे आणि थराचे नाव लिहिलेला कागदाचा चिटोरा पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटतो. परंतु शंखाची कुळकथा त्या चिटोऱ्यापासून सुरू होते.